धुळाआबांची शिफारस

धुळाआबा नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, गावही विचारत नाहीत. ते म्हणतात, "जरा चालून दाखवा."

मग तो घरी आलेला पाहुणा असो, मीटरचं रीडिंग घेणारा असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार. आबा खाटेवर बसल्या बसल्या काठीनं अंतर आखून देतात. इथून त्या लिंबापर्यंत जायचं आणि माघारी यायचं. माणूस आधी हसतो, मग इकडंतिकडं बघतो आणि शेवटी चालतोच. आबांच्या सांगण्यात अशी काही जरब असते, की चाललो नाही तर आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. तो परत आला की आबा निकाल देतात. "कंबर धरतीया तुमची. वझं एकाच हातात धरता." किंवा, "डाव्या पायातला बूट ल्हान हाय." आणि बूट खरोखरच लहान निघतो.

माझं लग्न जुळता जुळता मोडलं ते या सवयीपायी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मुलगा रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर. पोहे झाले, चहा झाला, नाव-शिक्षण विचारून झालं. मग मुलाची आत्या माझ्या आईला म्हणाली, "मुलीला जरा चालून दाखवायला सांगता का? तसं काही नाही, आपली पद्धत असती." मी पदर सावरून उठणार, तेवढ्यात दाराजवळ बसलेले धुळाआबा बोलले, "पोरगी चालंल की. तिला म्या रांगताना बघितलीया. आधी पोरगा चालू द्या."

पाहुण्यांचे चेहरे उतरले. पण मुलगा बिचारा सरळ होता. तो उठला आणि लिंबापर्यंत जाऊन आला. आबा म्हणाले, "उजव्या गुडघ्यात पट्टी बसवलीया ह्येच्या." मोटारसायकलवरून पडल्याचं आणि ऑपरेशनचं त्या मंडळींनी आम्हाला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, गुडघा काय सांगायची गोष्ट आहे का? माझ्या वडिलांचं, तात्यांचं म्हणणं, मग मुलीची चाल काय बघायची गोष्ट आहे का? पाहुणे गेले ते गेलेच. आई दोन दिवस आबांशी बोलली नाही. मी मात्र त्या गुडघ्याची आणि आबांची जन्माची ऋणी आहे, कारण त्यामुळं मी परीक्षा देऊन ऑक्युपेशनल थेरपिस्ट झाले.

आबा आमचे शेजारी. नातं विचाराल तर भावकी, आणि भावकीत कोण कुणाचा कोण हे शोधायला गेलं तर दिवस मावळतो. कासुर्डीजवळ, सोलापूर रस्त्यापासून आत, आमची आठ-दहा घरांची वस्ती आहे. आमची माणसं आता शेतीत रमली, पण आबांनी उमेदीची चाळीस वर्षं मेंढरांमागं काढली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. आता त्यांच्याकडं चार मेंढरं उरली आहेत. चार मेंढरं म्हणजे कळप नव्हे, कमिटी, असं मी त्यांना चिडवते. आबा त्या कमिटीला रोज सकाळी एकामागोमाग एक चालवून बघतात आणि मगच सोडतात.

मेंढरांमागं चालून त्यांना आणखी एक खोड लागली आहे. ते कुठंही सगळ्यांत मागं असतात. लग्नाच्या वरातीत मागं, मयतीला मागं, एसटीत चढायलाही शेवटी. चढल्यावर कंडक्टरला विचारतात, "मागं कोण ऱ्हायलं?" कंडक्टर म्हणतो, कुणी नाही आबा, मी बघितलंय. तरी आबा एकदा खाली वाकून बघतात आणि मगच गाडी हलते.

बारावीत मी कॉलेजात पहिली आले तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडं गेले. आबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मागं कोण ऱ्हायलं?" मला राग आला. पहिली कोण आली ते सांगायला मी आले होते, शेवटी कोण आलं याची चौकशी कशाला? पण त्यांनी सोडलं नाही. नापास झालेल्या मुलीचं नाव काढून घेतलं आणि संध्याकाळी दोन पेढे फडक्यात बांधून तिच्या घरी गेले. ती मुलगी पुढं परत बसून पास झाली. आज यवतला तिचं शिवणकामाचं दुकान आहे आणि आबांची बंडी ती फुकट शिवून देते.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना अजून नीट सांगता येत नाही. "हातापायाची डॉक्टर" असं म्हणून आई वेळ मारून नेते. आबांनी मात्र माझी रीतसर उलटतपासणी घेतली होती.

"सुई देती का?"

"नाही."

"गोळी?"

"नाही."

"मंग मानूस बरा कशानं हुतो?"

मी म्हटलं, "आबा, एखाद्याचा हात गेला किंवा अंगावरून वारं गेलं, की त्याची रोजची कामं अडतात. जेवणं, कपडे घालणं, शर्टाची गुंडी लावणं. ती त्याला परत करता यावीत म्हणून आम्ही शिकवतो. कधी हाताला वळण लावतो, कधी कामाची रीत बदलतो, कधी वस्तूच बदलतो."

आबांनी बराच विचार केला. "म्हंजी लंगडं मेंढरू कळपात चालतं करायचं," ते म्हणाले. "आसं सांग की."

आमच्या प्राध्यापकांनी एका वर्षात जे समजावलं, ते आबांनी एका ओळीत उरकलं. पुढं मुलाखतीत मी हेच वाक्य वापरलं, पण ते नंतर सांगते.

नोकरी मला शिक्रापूरला लागली. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी स्कूटी काढून तळेगाव, राहू करत घरी यायचं. आमच्या दवाखान्यात हाताचे रुग्ण फार येतात. प्रेस मशीनमध्ये सापडलेली बोटं, पट्ट्यात ओढला गेलेला पंजा. बिहारचा, ओडिशाचा एखादा पोरगेला कामगार बँडेजचा हात छातीशी धरून म्हणतो, "मॅडम, उँगली तो गयी, नौकरी बचा दो." काहींची वाचते, काहींची नाही. तुटलेल्या बोटांच्या हाताला पुन्हा कामाला लावणं ही मोठी विद्या आहे, आणि ती मला पुरती येत नाही, हे मला रोज दिसत होतं. ती शिकण्यासाठी मला पुढचं शिक्षण घ्यायचं होतं आणि शिकून इथंच परत यायचं होतं.

याच सुमारास आबांच्या बायकोला, हौसाआजींना, झटका आला. डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि हौसाआजींची जीभ शाबूत राहणं ही साऱ्या वस्तीसाठी किती मोठी गोष्ट आहे ते आम्हालाच ठाऊक. दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडं जात आले. पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, तुम्हाला तुमचं तुम्हाला काय करावंसं वाटतं?" हा आमच्या शास्त्रातला पहिला प्रश्न.

"तंबाखू मळायचीया," आजी म्हणाल्या.

आता आली का पंचाईत. मी दवाखान्यात काम करणारी; तंबाखू मळायला शिकवू कशी? पण तळहात उघडा धरायचा आणि दुसऱ्या अंगठ्यानं मळायचं, यापेक्षा चांगला व्यायाम आजींच्या डाव्या हाताला नव्हता. मी तोड काढली. तंबाखूच्या जागी त्यांच्या तळहातावर बडीशेप दिली. आजींनी ती एकदा मळली, वास घेतला आणि माझ्या तोंडावर फुंकली. पण पुढच्या रविवारी त्यांचा हात आधीच उघडा होता. सहा महिन्यांत तळहात चांगला उघडायला लागला. आबा हे सगळं खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बघायचे.

पुढच्या शिक्षणासाठी मी आदल्या वर्षी परदेशातल्या चार विद्यापीठांत अर्ज केले होते. चारी ठिकाणांहून नकार आला. यंदा पाच ठिकाणी केले. तात्यांनी शांतपणे सांगून ठेवलं होतं, "सोनाली, हे शेवटचं. यंदा नाही झालं तर स्थळं बघायला सुरुवात करू." त्यांचंही चुकत नव्हतं. पण माझ्यासाठी ही शेवटची एसटी होती.

अर्ज भरला त्या रविवारी मी आबांना सगळं सांगितलं. मार्कांचे कागद, स्वतःबद्दलचा निबंध आणि तीन शिफारसपत्रं.

तोवर आबा नुसते हूं हूं करत होते. 'शिफारसपत्र' म्हटल्यावर ते सरळ होऊन बसले. "तिघांचीच?"

"हो. दोन प्राध्यापक आणि दवाखान्यातल्या मोठ्या मॅडम. दिली त्यांनी."

"तिघांत काय हुतंय?" आबा म्हणाले. "हौसीला ससूनला खाट मिळंना, तवा चौघांची नेली हुती."

मी हसले आणि विसरून गेले. तिथंच माझं चुकलं. आमच्याकडं उसाला तोड मिळायची तर शिफारस लागते, वसतिगृहात नंबर लागायचा तर शिफारस लागते. मग सातासमुद्रापलीकडं जायचं तर ती किती लागेल, असा आबांनी साधा हिशेब केला. पुढचा महिनाभर ते काठी घेऊन पंचक्रोशी हिंडत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

यवतच्या ई-सेवा केंद्रातल्या सुनंदाताईंनी माझी सगळी कागदपत्रं स्कॅन केली होती, त्यामुळं विद्यापीठांचे पत्ते त्यांच्या कॉम्प्युटरवर होते. एक दिवस आबा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि धोतराच्या सोग्यातून नऊ पत्रं काढली. नऊच्या नऊ लेटरहेडवर, आणि एकूण एक गोल शिक्क्याची. "हे पोरीच्या अर्जाला जोडायचं ऱ्हायलंय," आबा म्हणाले. सुनंदाताईंनी भल्या मनानं ती पाचही विद्यापीठांना पाठवून दिली.

मला हे कळलं ते एका विद्यापीठाच्या ईमेलवरून. तोवर तीन नकार येऊन पडले होते आणि माझा धीर सुटत चालला होता. ईमेलमध्ये सभ्य भाषेत विचारलं होतं, की आम्हाला वाचता न येणाऱ्या लिपीतली नऊ कागदपत्रं तुमच्या नावानं आली आहेत, ती तुमच्या अर्जाचा भाग आहेत का? सोबत ती कागदपत्रं जोडली होती. मी उघडली.

दूध डेअरीच्या चेअरमननी लिहिलं होतं, "सदर मुलगी माझ्या परिचयाची असून तिच्या घरच्या दुधाला फॅट कधीही कमी लागलेले नाही." ग्रामपंचायतीचा दाखला म्हणत होता, "सदर कुटुंबाकडे शौचालय असून ते वापरात आहे." भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी माझा आवाज गोड असल्याचं कळवलं होतं, जे साफ खोटं आहे. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं प्रमाणित केलं होतं, की अर्जदार मेंढ्यांच्या लसीकरणास वेळोवेळी हजर असते.

आज मला हे वाचून हसू येतं. त्या दिवशी मी शिक्रापूरहून निघाले ती थेट आबांच्या दारात स्कूटी उभी केली. माझा राग आमच्या वस्तीत प्रसिद्ध आहे. "आबा, हे काय पंचायत समितीचं काम वाटलं का तुम्हाला? कुणी सांगितला होता हा उद्योग? ते लोक मला वेडी समजतील. माझं शेवटचं वर्ष होतं हे, आणि तुमच्या अडाणीपणानं ते घालवलं!"

आबा उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. "व्हय," एवढंच म्हणाले आणि मेंढरांना पाणी दाखवायला मागं गेले. हौसाआजी खाटेवरून माझ्याकडं बघत राहिल्या. त्यासुद्धा काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी यवतला मला अण्णा भेटले. अण्णा म्हणजे आमच्याकडचे मोठे बागायतदार आणि माजी सरपंच. मी पेट्रोल पंपावर रांगेत होते. ते गाडीची काच खाली करून म्हणाले, "काय गं, माझं पत्र पोचलं का तिकडं?"

"पोचलं की," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "सगळ्यांची पोचली."

अण्णा गाडीतून उतरले. "तुला म्हाईत हाय का, धुळाआबा माझ्या दारात किती वर्सांनी आला?"

मला माहीत नव्हतं. दोघांचं बोलणं नाही, एवढं ठाऊक होतं.

"आकरा," अण्णा म्हणाले. "त्याची मेंढरं माझ्या हरभऱ्यात शिरली हुती. म्या समदी कोंडवाड्यात घातली. उन्हाचं दिस. दोन कोकरं गेली त्याची. माझं चुकलं, पर म्या तसं कवा बोललो न्हाई. तवापासनं त्यो माझ्या बांधावरनं सुदीक गेला न्हाई, लांबून वळसा घालायचा. आन् त्या दिवशी सकाळच्याला बघतो तर दारात उभा. पायताण काढून. आत या म्हनलं तर आला न्हाई. म्हनला, 'माझ्यासाठी न्हाई आलो, अण्णा. सोनीसाठी एक कागूद पायजे. तुमचा शिक्का वजनदार हाय.'"

अण्णांनी सांगितलं, की त्यांनी पत्र तिथंच लिहून दिलं आणि त्या कोकरांबद्दल माफी मागितली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता." मग दोघं अंगणातच उकिडवे बसून सुपारी खात राहिले.

पेट्रोल भरायचं तसंच राहिलं. मी आबांच्या घरी गेले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माफ करा म्हणताना मला हुंदका आला. आबांनी मला खांद्याला धरून उठवलं. "चिडलीस त्ये बराबर हुतं," ते म्हणाले. "कळप भलत्या वाटंला म्या घातला, तर शिव्या म्याच खायाच्या. आता म्होरं काय करायचं त्ये बघ."

म्होरं मी एवढंच केलं, की त्या विद्यापीठाला खरं ते लिहिलं. नऊही पत्रांचं इंग्रजी भाषांतर करून पाठवलं, अगदी शौचालयासकट. लिहिलं, की आमच्याकडं एखाद्या मुलीसाठी एवढ्या लोकांनी शिक्का उचलणं ही मोठी गोष्ट असते, आणि हे शिक्के गोळा करणारा माणूस माझा शेजारी आहे. आठ दिवसांनी त्यांनी व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं.

मी पाठ करून ठेवलेलं एकही उत्तर कामाला आलं नाही. पांढऱ्या केसांच्या एका प्राध्यापिकेनं चष्मा वर करून आधी दुधाच्या फॅटबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, तुमच्या या शेजाऱ्यांबद्दल सांगा. मी सांगत सुटले. चाल बघून दुखणं ओळखणं, सगळ्यांच्या मागून चालणं, लंगडं मेंढरू कळपात चालतं करणं. जे डोळे घेऊन मी या कामात आले, ते मला कॉलेजच्या आधी आबांनी दिले, हे मला स्वतःला त्या दिवशी बोलता बोलता उमगलं.

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. चौथा नकार मात्र वेळेवर आला. रविवारी मी गेले की आबा माझ्या तोंडाकडं बघायचे. मी मान हलवली की तेही मान हलवायचे आणि आम्ही दोघं आजींच्या व्यायामाला लागायचो.

आणि मग एका रविवारी सकाळी, भाकरी खाता खाता, फोनवर ते पत्र आलं. प्रवेश मिळाला होता आणि फीसुद्धा बरीचशी माफ होती. आईनं मला मिठी मारली. तात्या नुसतेच घरभर फिरत राहिले. मी तशीच खरकट्या हातानं आबांकडं धावले.

आबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, पण ते हसले नाहीत. "किती दिस?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं, आबा."

"दोन पावसाळं," ते म्हणाले. मग त्यांनी खाट झटकली, आजींच्या शेजारी खुर्ची आणून ठेवली आणि मला म्हणाले, "हात धू आन् बस हितं. बघ नीट."

त्यांनी आजींना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. हे काम दर रविवारी मी करायचे. इतर दिवशी त्यांची सून शेतातून येऊन करायची. आबांनी आजींचे पाय खाली टेकवले, त्यांना खाटेच्या कडेला बरोबर आणलं, आणि उचलताना दोन्ही हात काखेत घातले. मेंढरू उचलायची ती रीत. आजी कळवळल्या.

"आबा, काखेत नाही," मी म्हटलं. "खांदा निखळेल. कमरेला धरायचं. आणि तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकवायचा."

"परत करतो," आबा म्हणाले.

"अगं, तू अर्ज भरलास त्या दिसापासनं रोज करत्यात ह्ये," आजी खाटेवरून म्हणाल्या. "आधी मेंढीवर करून बघितलं, मंग माझ्यावर. मेंढी सुटली बिचारी, म्या घावले."

अर्ज भरला त्या दिवसापासून. म्हणजे शिक्के गोळा करत ते गावोगाव फिरत होते, तेव्हाच मी गेल्यावर इथं काय होणार, याचीही तयारी करत होते.

दुसऱ्यांदा गुडघा चुकला. आजी डाव्या अंगाला कलल्या, मी पुढं झाले. आबांनी मला हातानं थांबवलं. त्यांना धाप लागली होती. ते म्हणाले, "पोरी, न्हाई जमलं तर ऱ्हा म्हनायचा धीर मला न्हाई. आन् न जमलेलं बघून गेलीस, तर तुझं मन हितंच अडकंल. तवा मला जमायलाच पायजे. तू नुसतं बघ."

तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची आजींच्या उजव्या, धडक्या बाजूला ओढून घेतली. पाय टेकवले. स्वतःचा गुडघा लावला. कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि आजींना म्हणाले, "चल, हौसे." आजी उठल्या, वळल्या आणि खुर्चीत नीट बसल्या.

आबा दोन पावलं मागं सरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "काय निकाल?"

मी मान हलवली.

"मान नगं. तोंडानं सांग."

"पास आबा," मी म्हटलं. "पास झालात तुम्ही."

आबा मटकन खाटेवर बसले आणि त्यांनी पागोट्याचा शेव डोळ्यांना लावला. कोकणातली, घाटातली, चाळीस वर्षांची वाट चाललेला हा माणूस एका खुर्चीपायी रडत होता, आणि मीही रडत होते. हौसाआजींनी थोडा वेळ आम्हाला रडू दिलं. मग म्हणाल्या, "अवं, बास आता. पोरगी हातातली भाकर टाकून आलीया. तिला च्या ठेवा."

आबा डोळे पुसून आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग ते दोन्ही हातांनी कप धरून, सांभाळून चालत बाहेर आले आणि मी पहिला घोट घेईपर्यंत समोरून हलले नाहीत. चहात साखर दोनदा पडली होती. ती चूक मात्र मी सांगितली नाही.